वेगाचें मोल

आज मीं जो विषय निवडला आहे, त्याचें नांव ऐकतांच घरांतील वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळाला आठी पडेल, हें मी जाणून आहें. विषय आहे एक व्हिडिओ गेम. त्याचें नांव 'एफ-झीरो एक्स'. जपानांतील निंटेंडो कंपनीनें तो १९९८ सालीं प्रसिद्ध केला. ज्या खेळांपायीं मुलें डोळे आणि अभ्यास दोन्ही बिघडवितात असें आपण म्हणतों, त्याच जातीचा हा खेळ आहे. तो कांहीं निराळ्या, सोंवळ्या जातीचा आहे असा बचाव मी करणार नाहीं. मात्र मी स्वतः तो वीस वर्षांहून अधिक काळ खेळत आलों आहें, आणि त्या सहवासानंतर माझें असें मत बनलें आहे कीं, वेग ही काय वस्तु आहे आणि तिचें मोल कोण देतो, हा प्रश्न इतक्या स्वच्छपणें मांडणारी दुसरी कलाकृति माझ्या पाहण्यांत नाहीं. तें मत कारणांसह आपल्यापुढें ठेवावें, एवढाच आजच्या बोलण्याचा हेतु आहे.

माझें मूळ गांव इंदापूर तालुक्यांतलें, आणि राहणें बारामतीस. हा मुलूख वेगाला अपरिचित आहे असें कोणी समजूं नये. पुणें-सोलापूर हमरस्ता भिगवण आणि इंदापूर या गांवांवरून जातो, आणि रात्रंदिवस त्यावरील वाहनांचा घोष चालूं असतो. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यानें ऊंस आणला, उंसानें साखर कारखाने आणले, आणि गळिताच्या हंगामांत कारखान्यांच्या वाटा ट्रॅक्टरांनीं भरून जातात. यात्रेच्या दिवसांत माळावर छकड्या धांवतात. आषाढी एकादशीच्या आधीं तुकोबारायांची पालखी बारामती, सणसर, बेलवाडी, निमगांव केतकी, इंदापूर या वाटेनें पंढरपुरास जाते, तेव्हां बेलवाडीस आणि इंदापुरास गोल रिंगणांत अश्व धांवतात. धांव पाहण्याची हौस अशी आम्हांला लहानपणापासून लागलेली असते. त्या हौसेनेंच मीं हा खेळ प्रथम पाहिला, आणि त्या हौसेच्या कसोटीवरच तो पुढें घासून पाहिला.

खेळाची वंशावळ थोडक्यांत सांगितली पाहिजे. पहिला 'एफ-झीरो' २१ नोव्हेंबर १९९० रोजीं जपानांत निघाला. निंटेंडोचें 'सुपर फॅमिकॉम' हें नवें यंत्र त्याच दिवशीं विक्रीस आलें, आणि यंत्राबरोबर आलेल्या दोन खेळांपैकीं हा एक होता. त्याचे दिग्दर्शक काझुनोबु शिमिझु, आणि निर्माते शिगेरु मियामोतो. 'मारिओ' हें मिशीवालें पात्र आपल्या घरांतील मुलांना ठाऊक असेल. त्याचे जनक तेच. 'एफ-झीरो'ची कथा इसवी सन २५६० मधली आहे. गाड्यांना चाकें नाहींत. जमिनीपासून किंचित् वर तरंगत, ताशीं शेंकडों किलोमीटरांच्या वेगानें जाणारीं तीं यानें आहेत. खेळाडूनें चारांपैकीं एक यान निवडावें, पंधरा मार्गांवर शर्यत करावी, आणि प्रत्येक मार्गाच्या पांच फेऱ्या पुऱ्या कराव्यात, अशी ती रचना होती.

त्या वेळच्या यंत्राला खोलीचें, म्हणजे लांबी-रुंदी-उंचीचें, गणित खरें पाहतां फारसें येत नव्हतें. त्याला एक करामत मात्र उत्तम येत होती: एक सपाट चित्र घ्यावयाचें, आणि तें हवें तसें फिरवावयाचें, लहान-मोठें करावयाचें. त्या करामतीला 'मोड सेव्हन' असें नांव आहे. आतां कर्त्यांची युक्ति पाहा. पडद्यावर चित्र एकाखालीं एक अशा आडव्या रेघांनीं उमटतें. या प्रत्येक रेघेगणिक त्यांनीं तें सपाट चित्र वेगळ्या प्रमाणांत ताणलें; वरच्या रेघा आकसलेल्या, खालच्या पसरलेल्या. एवढ्यानेंच जमिनीवर अंथरलेली सतरंजी क्षितिजापर्यंत गेलेल्या माळासारखी दिसूं लागली. खेळाडूचें यान पडद्यावर आपल्या जागींच असतें. फिरते ती त्याच्या खालची सतरंजी. पण पाहणाऱ्याचा जीव मात्र वळणावळणाला टांगणीला लागतो. पुढें १९९५ सालीं इंग्लंडांतील लिव्हरपूल शहरीं 'वाइपआउट' नांवाचा तशाच तरंगत्या यानांचा खेळ तयार झाला, आणि भविष्यकाळांतील शर्यत ही या खेळांची एक स्वतंत्र शाखाच झाली.

सतरंजीला एक मर्यादा होती. तिला चढ नाहीं, उतार नाहीं. ती मर्यादा १९९८ च्या 'एफ-झीरो एक्स'नें ओलांडली. निंटेंडोच्या पुढच्या यंत्राला, 'निंटेंडो ६४' ला, खोलीचें गणित येत होतें. त्यामुळें या खेळांतील मार्ग आकाशांत चढतात, उलटे होतात, नळीच्या आंतून जातात, आणि नळीच्या बाहेरच्या पाठीवरूनहि जातात. कठडा नसलेल्या जागीं यान मार्गावरून घसरलें तर तें खालीं कोसळतें, आणि ती शर्यत तेथेंच संपते. पडद्यावर एकाच वेळीं तीस यानें धांवतात. आणि चित्र सेकंदाला साठ वेळां बदलतें. सिनेमांत सेकंदाला चोवीस चित्रें सरकतात व तेवढ्यानें आपले डोळे फसतात, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या साठाचा अर्थ कळेल. वेग कितीहि वाढला तरी दृश्य कोठें अडखळत नाहीं. खेळाडूच्या बोटाचा हुकूम आणि यानाचें वळण यांच्यांत अंतर म्हणून जाणवत नाहीं.

हें साधण्यासाठीं कर्त्यांनीं काय टाकलें, तें पाहण्यासारखें आहे. मार्गाच्या दुतर्फा इमारतींची गर्दी नाहीं. पार्श्वभूमि जवळजवळ उघडी आहे. यानांचे आकार ठोकळेबाज आहेत. चित्रें उजाड वाटतात अशी त्या काळच्या परीक्षकांचीहि तक्रार होती. ती तक्रार खोटी म्हणतां येणार नाहीं. पण तीस यानें आणि साठ चित्रें हवीं असतील तर शोभेला रजा देणें भाग होतें, आणि ती रजा कर्त्यांनीं समजून-उमजून दिली. बारामतीकरांना ही गोष्ट समजण्यास कठीण जाऊं नये. कऱ्हेच्या कांठच्या याच गांवीं अठराव्या शतकांत मोरोपंतांनीं एकशेआठ रामायणें रचलीं असें परंपरा सांगते. त्यांतल्या निरोष्ठ रामायणांत ओठांनीं उच्चारावें लागणारें एकहि अक्षर येऊं द्यावयाचें नाहीं, असें बंधन पंतांनीं आपण होऊन घालून घेतलें होतें. एवढीं अक्षरें टाकून काव्य लिहिणाऱ्याचा शब्दसंग्रह किती असला पाहिजे, याचा विचार केला म्हणजे टाकण्यालाहि केवढें ऐश्वर्य लागतें तें कळतें. 'एफ-झीरो एक्स'चा उजाडपणा मला त्या जातीचा वाटतो.

आतां मुख्य मुद्द्याकडे येतों. प्रत्येक यानाजवळ शक्तीची एक पट्टी असते, आणि ती पडद्याच्या कोपऱ्यांत सतत दिसत असते. यान कठड्याला घासलें, कीं ती कमी होते. दुसऱ्या यानानें बाजूनें धडक दिली, कीं ती कमी होते. ती पार आटली, कीं पुढचा धक्का यानाचा अंत करतो. इथवर तें यानाचें आयुष्य झालें. पण शर्यत तीन फेऱ्यांची असते, आणि पहिली फेरी पुरी होतांच खेळाडूला एक नवा अधिकार मिळतो. एक बटण दाबलें कीं यान जागच्या जागीं झेप घेतें. क्षणभर वेग इतका वाढतो कीं मार्गाच्या कडा फांकल्यासारख्या दिसतात. या झेपेची किंमत त्याच पट्टींतून वजा होते. वेगासाठीं निराळें इंधन नाहीं. जें आयुष्य, तेंच इंधन.

१९९० च्या मूळ खेळांत असें नव्हतें. तेथें दर फेरीला एक झेप फुकट मिळत असे. १९९८ च्या खेळानें ती फुकट देणें बंद केलें, आणि माझ्या मतें याच एका फेरफारानें चांगल्या खेळाचा थोर खेळ झाला. कारण आतां प्रत्येक क्षणीं खेळाडूला हिशेब करावा लागतो. पुढें अवघड वळण आहे, तेथें कठड्याला लागण्याचा संभव आहे. मग आतां झेप घ्यावी कीं राखून ठेवावी? मार्गाच्या एका भागांत एक पट्टा असतो, त्यावरून जातांना गेलेली शक्ति पुन्हां भरून येते. पण त्यावरून जावयाचें तर आपली वाट त्या पट्ट्याकडे वळविली पाहिजे. पट्ट्यापर्यंत पोंचण्याआधीं किती खर्चावें? जो भीतीनें एकहि झेप घेत नाहीं, तो धडधाकट यान घेऊन पंधरावा येतो. जो आरंभींच सारें उधळतो, त्याच्या यानाचे तिसऱ्या फेरींत तुकडे होतात. आणि शेवटची रेघ ओलांडल्यावर पट्टींत जी शक्ति उरते, ती न खर्चलेल्या संपत्तीसारखी निरुपयोगी असते. कृपण आणि उधळ्या हे दोघेहि तेथें सारखेच हरतात.

हा खेळ आमच्या घरांत आला तो अमेरिकेहून सुटींत आलेल्या मामांच्या पेटींतून. आपल्याकडील मुलें खेळाच्या त्या डबीला 'कॅसेट' म्हणत आणि हातांतल्या यंत्राला 'रिमोट' म्हणत. तेच शब्द आम्हीहि वापरलें. अमेरिकेंतील विजेचा दाब आपल्याहून निम्मा, म्हणून यंत्रापुढें एक जड ट्रान्सफॉर्मर ठेवावा लागे, आणि तो सारा वेळ गुणगुणत असे. तिकडच्या दूरचित्रवाणीची पद्धति निराळी असल्यामुळें आमच्या जुन्या संचावर चित्र रंगीत न येतां काळें-पांढरें येई. शक्ति भरून देणारा पट्टा इतरांना रंगानें ओळखूं येत असेल. आम्हांला तो प्रत्येक मार्गावर कोठें आहे हें पाठ करावें लागलें. पुढें भारनियमनाचीं वर्षें आलीं. वीज जाण्याच्या वेळा घरांतील प्रत्येकाच्या तोंडपाठ असत, आणि शर्यतींचा बेत त्या वेळा सांभाळून करावा लागे. चौघांना एकदम खेळण्याची सोय असल्यामुळें आळींतील मुलें जमत. दोन रिमोट असल्यानें दोघे खेळत आणि बाकीचे आपल्या पाळीची वाट पाहत, न मागितलेला सल्ला देत बसत.

अशाच एका दुपारीं माझी आजी आमच्या मागें येऊन बसली. आजोबांच्या दावणीला एके काळीं खिलारी जोडी होती, आणि यात्रेंतल्या शर्यती आजीनें पुष्कळ पाहिल्या होत्या. पडद्यावर काय चाललें आहे, कोण पुढें, कोण मागें, हें तिला पांच मिनिटांत समजलें. गाड्यांना चाकें नाहींत याचें तिला नवल वाटलें नाहीं. ती बराच वेळ पाहत राहिली आणि मग तिनें विचारलें, "समदं खरं, पर ह्यात बैल कोन रं?"

आम्ही मुलें हसलों. पण शर्यत जिनें बैलाच्या बाजूनें पाहिली होती, तिलाच तो प्रश्न सुचूं शकला. धांवण्याचा शीण कोणाच्या अंगाला येतो, घाम कोणाचा गळतो, हें तिला पडद्यावर कोठें दिसेना. पुढें अनेक वर्षें तो प्रश्न माझ्या मनांत राहिला, आणि वेगाच्या निरनिराळ्या प्रकारांना तो लावून पाहण्याची मला संवय लागली.

प्रथम खऱ्या बैलांचेंच पाहूं. जुन्नर, आंबेगांव, खेड या भागांत चढणीच्या घाटांत बैलगाडा पळतो आणि त्याची बारी सेकंदांत मोजली जाते. आमच्याकडे सपाट माळावर दोन बैलांच्या छकड्या शेजारीं शेजारीं सुटतात. मालक आपल्या बैलाला पोटच्या पोराप्रमाणें जीव लावतो, त्याला खुराक देतो, त्याच्या नांवानें स्वतः ओळखला जातो, हें सारें खरें आहे. परंतु जिंकण्याची ईर्षा पेटली म्हणजे चाबूक, पराणी, शेपटी पिरगळणें आणि त्याहूनहि वाईट उपाय होत असत, हेंहि खरें आहे. ७ मे २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें या शर्यतींवर बंदी घातली. महाराष्ट्रानें २०१७ सालीं आपला कायदा केला, १६ डिसेंबर २०२१ रोजीं न्यायालयानें शर्यतींना अटींवर परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजीं घटनापीठानें तो कायदा उचलून धरला. चाबूक, काठी, विजेचा धक्का यांना आतां नियमानें मज्जाव आहे. बंदीच्या काळांत आमच्या गांवचे शौकीन उदास झाले होते, आणि त्यांचें तें दुःख मला समजत होतें. तरीहि आजीचा प्रश्न लावून पाहिला कीं उत्तर लपत नाहीं. गुलाल मालकाच्या अंगावर, बक्षीस मालकाच्या दारांत, आणि वेगाचें मोल बैलाच्या छातींतून. बैलाला त्या हिशेबांत विचारलेलें नसतें. न्यायालयाचे निकाल आणि नियम हे त्या मुक्या भागीदाराच्या वतीनें कोणी तरी हिशेब मागण्याचेच प्रयत्न आहेत.

दुसरा प्रकार रस्त्यावरच्या वेगाचा. गळिताच्या हंगामांत तिन्हीसांजेला दोन-दोन ट्रेलर जोडलेले, उंसानें खचाखच भरलेले ट्रॅक्टर संथ चालीनें कारखान्याकडे जात असतात. कित्येकांच्या मागें दिवा नसतो. त्यांच्या शेजारून नवी मोटारसायकल घेतलेला तरुण कानाशीं वारा घोंगावेल अशा वेगानें निघून जातो. त्याला वाटतें हा वेग आपण पेट्रोलाच्या पैशांनीं विकत घेतला. खरें मोल कोणाकडून वसूल होणार, हें मात्र वळणापलीकडे ठरतें. कधीं तें तो स्वतः देतो, कधीं पायीं घरीं निघालेली ऊंसतोडणी करणारी बाई देते, आणि कधीं गांवाकडे राहिलेले म्हातारे आईबाप उरलेला सारा जन्म तें हप्त्यांनीं फेडीत राहतात. रस्त्यावर शक्तीची पट्टी कोपऱ्यांत दिसत नाहीं, हीच तेथली मोठी भीति.

तिसरा प्रकार आजच्या खेळांचाच आहे. मोबाईलवरील अनेक खेळांत झेप हवी असेल तर पैसे मोजावे लागतात. चांगलें यान, चांगली शक्ति, वाट पाहण्यापासून सुटका, या सर्वांची किंमत ठरलेली असते आणि ती वडिलांच्या बँकेच्या खात्यांतून जाते. यांपैकीं पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांचा उपद्रव इतका वाढला कीं, ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेला त्यांच्यावर बंदी घालणारा कायदा करावा लागला. तेथें बैल कोण, हें सांगावयास नको. खेळणारा स्वतःला धुरकरी समजतो, आणि जूं मात्र त्याच्याच मानेवर असतें.

आतां हाच प्रश्न आमच्या जुन्या खेळाला लावा. 'एफ-झीरो एक्स'मध्यें वेगाचें मोल खेळाडूच्या स्वतःच्या पट्टींतून, त्याच्या डोळ्यांदेखत, त्याच क्षणीं वजा होतें. तें दुसऱ्या कोणाच्या नांवावर टाकतां येत नाहीं. पैसे देऊन टाळतां येत नाहीं. उधार ठेवतां येत नाहीं. तेथें धुरकरीहि आपण आणि बैलहि आपणच. ज्याला हांकावयाचें आणि ज्याला धांवावयाचें तो एकच असल्यामुळें हांकणारा आपोआप शहाणा होतो. आजीच्या प्रश्नाला हें उत्तर देण्याइतकी समज मला आली, तोंवर ती ऐकावयास राहिली नव्हती.

कोणी म्हणेल, पडद्यावरचें यान फुटलें तर कोणाचें काय गेलें? पुन्हां एक बटण दाबलें कीं नवें यान हजर. आक्षेप बरोबर आहे. खेळांतील शक्ति ही खरी शक्ति नव्हे, आणि तींत खरी वेदना नाहीं. पण खेळ या वस्तूचा उपयोगच तो आहे. बुद्धिबळांत वजीर मेला म्हणून कोणाच्या घरीं सुतक येत नाहीं. तरी वजीर कधीं द्यावा आणि कधीं राखावा याचा विचार करण्याची संवय मनाला लागतेच. दुसरा आक्षेप असा कीं, या खेळांत दुसऱ्याच्या यानाला धडक देऊन बाहेर ढकलण्याची मुभा आहे. इतकेंच नव्हे, सर्वांना ढकलून एकट्यानेंच उरण्याचा एक निराळा प्रकारहि त्यांत दिला आहे. तो प्रकार मला कधींच आवडला नाहीं, आणि लहान मुलांनीं तेवढ्यावरच रमावें असें मी सुचविणार नाहीं. तिसरा आक्षेप वेळाचा. एक शर्यत दोन-तीन मिनिटांत संपते, परंतु 'आणखी एकच' या दोन शब्दांनीं किती संध्याकाळी गेल्या याचा हिशेब घरोघरीं मातांपाशीं असतो. तेथें खेळाचा गुण घरच्या शिस्तीची जागा घेऊं शकत नाहीं. वेळ हीहि एक शक्तीची पट्टीच आहे, आणि ती भरून देणारा पट्टा कोणत्याहि मार्गावर नाहीं.

वेगाचा आणखी एक प्रकार आमच्या तालुक्यांत आहे, आणि त्याचा उल्लेख केल्यावांचून हा विचार पुरा होणार नाहीं. बेलवाडीला पालखी पोंचली म्हणजे मैदानांत वारकऱ्यांचें गोल कडें उभें राहतें. पताकाधारी धांवतात, डोईवर तुळस घेतलेल्या बाया धांवतात, वीणेकरी धांवतात. आणि मग दोन अश्व सुटतात. एकावर स्वार असतो. दुसऱ्याची पाठ रिकामी, कारण ती देवाची मानलेली. त्या धांवेला सीमारेषा नाहीं, पहिला-दुसरा नंबर नाहीं, बक्षीस नाहीं. घोडे गेले कीं लोक त्यांच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. काटेवाडीला तर मेंढ्या पालखीभोवतीं धांवतात. येथें वेग कोणाकडून कांहीं हिसकावण्यासाठीं नाहीं. दिवसभर चालून थकलेलीं माणसें जी शक्ति उरली असेल ती आपखुषीनें उधळून मोकळीं होतात. शर्यतीचा शौकीन म्हणून मला जिंकण्याची चटक आहे, ती मी नाकारीत नाहीं. परंतु रिंगण पाहून आलेला मनुष्य शर्यत जरा निराळ्या नजरेनें पाहतो. आपण किती जणांना मागें टाकलें यापेक्षां आपण आपल्याजवळचें किती मनापासून खर्चलें, इकडे त्याचें लक्ष जाऊं लागतें. 'एफ-झीरो एक्स'मध्यें माझ्या ज्या शर्यती मला आठवतात, त्यांतल्या सगळ्या जिंकलेल्या नाहींत. शेवटच्या रेघेवर पट्टी अगदीं रिकामी, यान शाबूत, आणि नंबर चौथा, अशी एक संध्याकाळ मला अजून सुखानें आठवते.

या खेळाच्या घराण्याचें पुढें काय झालें, तेंहि सांगतों. २००३ सालीं सेगा कंपनीच्या कारागिरांनीं त्याचा आणखी एक भव्य अवतार घडविला. त्यानंतर २००४ मध्यें एक लहान खेळ निघाला, आणि मग दीड तपाहून अधिक काळ नव्या शर्यतीचें नांव नाहीं. चाहत्यांनीं आशा सोडली होती. सप्टेंबर २०२३ मध्यें 'एफ-झीरो ९९' नांवाचा खेळ अचानक प्रसिद्ध झाला. त्यांत जगाच्या निरनिराळ्या कोपऱ्यांतील नव्व्याण्णव खेळाडू एकाच मार्गावर एकदम धांवतात. मार्ग आणि यानें १९९० च्या मूळ खेळांतलीं, तीच सपाट सतरंजी. पण झेपेचा नियम मात्र मूळ खेळांतला नाहीं. फुकटची झेप तेथें नाहीं. झेप स्वतःच्या शक्तींतून घ्यावी लागते, १९९८ च्या खेळाप्रमाणें. तेहतीस वर्षांनंतर जुन्या घराचा जीर्णोद्धार करतांना कर्त्यांनीं हा एक खांब नव्या जागेवरून आणून मुद्दाम बसविला, याचा मला फार आनंद झाला. खेळाचें मर्म कोठें आहे, याविषयीं त्यांचें आणि माझें मत एकच असावें असें मी त्यावरून समजतों.

श्रोतेहो, आपल्या घरांत मुलें कोणता ना कोणता खेळ खेळतच असतील. तो बंद करण्याचा किंवा चालूं ठेवण्याचा अधिकार आपला आहे, आणि त्याविषयीं मी कांहीं सांगावें हें बरें नव्हे. एवढीच विनंति आहे कीं, निर्णय देण्यापूर्वीं एकदां पांच मिनिटें त्यांच्या मागें जाऊन बसावें, कोण पुढें आणि कोण मागें तें समजून घ्यावें, आणि मग त्यांना विचारावें: बाळांनो, यांत बैल कोण? उत्तर त्यांच्याकडूनच येऊं द्यावें. तें शोधतांना त्यांना जें सांपडेल, तें पुढें हातांत मोटारसायकलीची किल्ली आली म्हणजे त्यांच्या कामीं येईल.